तुझ्या गळ्यात समुद्र!

एक पेला पाणी घे आणि आरशासमोर उभं राहा. हनुवटी जरा वर. आता गळ्याच्या मधोमध हलकेच बोट फिरव. कडक उंचवटा लागला? ते तुझं स्वरयंत्र. तुझा आवाज तिथूनच निघतो. आता आरशात बघ, आणि घे एक घोट!

हललं ना? टुणकन वर गेलं, खाली आलं!

वर-खाली होताना दिसलं ते स्वरयंत्र. पण त्याच्या जरा खाली, कातडीच्या आड, त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी वर-खाली झालं. एक फुलपाखरू!

अगदी खरं! एक पंख डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्ही पंखांना जोडणारी मधली छोटीशी पट्टी. श्वासनळीला मिठी मारून ते बसलेलं असतं. तिला इतकं घट्ट चिकटलेलं, की घोट गिळला की तिच्यासोबत तेही वर सरकतं. डॉक्टर गळा तपासताना "एक घोट घे बघू" म्हणतात ना, ते ह्याच्यासाठीच.

ह्या फुलपाखराचं नाव थायरॉइड. पाठ्यपुस्तकात त्याला अवटू ग्रंथी म्हणतात. मोठ्या माणसात त्याचं वजन किती असेल? किलोभर? पावभर? छे! साधारण 20 ग्रॅम. दहा रुपयांची तीन नाणी तळहातावर ठेव. त्याहूनही थोडं हलकंच. तुझ्या गळ्यातलं तर अजून चिमुकलं.

आता ओळख बघू, हे फुलपाखरू जन्मतं कुठे? गळ्यात? चूक! जिभेवर!

आईच्या पोटात बाळ जेमतेम तीन-चार आठवड्यांचं असतं. तेव्हा त्याच्या जिभेच्या मुळाशी एक बारीक ठिपका उगवतो. मग तो ठिपका खाली सरकायला लागतो. सरकत सरकत, सातव्या आठवड्याच्या सुमारास गळ्यातल्या आपल्या जागी येऊन बसतो! जिथून तो निघाला, तिथे जिभेच्या अगदी मागच्या भागात एक लहानशी खळी उरते. ती तुझ्याही जिभेवर आहे. (आरशात दिसायची नाही. आणि बोट घालून शोधू नकोस, ओकारी येईल!)

बरं, हे फुलपाखरू तिथे करतं काय? कितीतरी वर्षं कुणालाच कळत नव्हतं. 1656 मध्ये लंडनच्या टॉमस व्हॉर्टन ह्या डॉक्टरांनी ग्रंथींवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. थायरॉइडला नाव दिलं तेही त्यांनीच. आणि काम काय सांगितलं असेल? गळा छान गोल आणि सुंदर दिसावा, हे! इतका हुशार माणूस, पण अंदाज सपशेल चुकला. थायरॉइडचं खरं काम समजायला पुढे दोनशेहून जास्त वर्षं लागली.

थांब, पंखांच्या मागेही बघून घेऊ. तिथे तांदळाच्या दाण्याएवढे चार ठिपके लपलेले असतात. त्या वेगळ्या ग्रंथी. रक्तात कॅल्शियम किती असावं, हे त्या सांभाळतात. ह्या ग्रंथी पहिल्यांदा कुणाच्या गळ्यात सापडल्या माहीत आहे? गेंड्याच्या! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा मेला. रिचर्ड ओवेन ह्या शास्त्रज्ञांनी त्याचं शरीर तपासलं, तेव्हा त्या दिसल्या. माणसाच्या गळ्यातही त्या असतात, हे सांगायला 1880 साल उजाडलं. गेंड्याचा नंबर आधी लागला, आपला नंतर!

चल, परत फुलपाखराकडे. आता स्वयंपाकघरात जाऊ या.

गॅसवर दूध ठेवलंय. आच मोठी केली तर काय होईल? भसकन उतू! आणि अगदीच बारीक केली तर? अर्धा तास झाला तरी दूध आपलं कोमटच. आच कशी हवी? बेताची.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण 30 लाख कोटी पेशी असतात. पेशी म्हणजे शरीराचे बारीक बारीक कण, डोळ्यांना न दिसणारे. बहुतेक प्रकारच्या पेशींत एक इवलीशी चूल पेटलेली असते. तुझं वरण-भात, पोळी, तर्री-पोहे शेवटी ह्याच चुलींमध्ये जळतात. त्यातून मिळते ताकद आणि ऊब. धावायची ताकद. हृदय धडधडायची ताकद. हा परिच्छेद वाचून समजून घ्यायचीसुद्धा ताकद!

आणि ह्या लाखो कोटी चुलींची आच किती असावी, हे कोण ठरवतं? गळ्यातलं ते 20 ग्रॅमचं फुलपाखरू!

ते प्रत्येक चुलीपाशी जात नाही हं. ते एक रस बनवतं आणि थेट रक्तात सोडतं. अशा रसाला संप्रेरक म्हणतात. हार्मोन म्हटलं तरी चालेल. रक्त तर सगळीकडे फिरतं. त्यामुळे डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळ्यांना निरोप पोचतो, की आच एवढी ठेवा!

आता आपलं नागपूर घे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पार! डिसेंबरच्या रात्री कधी कधी 10च्याही खाली! आणि तुझ्या शरीराचं तापमान? मे असो की डिसेंबर, 37 अंशांच्या आसपासच. घाम, कुडकुडणं ह्यांची मदत असतेच. पण आतली रोजची ऊब धरून ठेवण्यात थायरॉइडचा वाटा फार मोठा.

संप्रेरक कमी पडलं तर आच मंदावते. मग थंडी जास्त वाजते, झोप येत राहते, पोट साफ होत नाही, मुलांची उंची वाढायची थांबते. जास्त झालं तर उलटं. छाती धडधडते, घाम सुटतो, हात थरथरतात, आणि दोन पोळ्या जास्त खाऊनही वजन घटतं! पण सकाळी शाळेसाठी उठायचा कंटाळा येतो म्हणजे थायरॉइड बिघडली, असं समजू नकोस! डॉक्टर रक्त तपासतात, तेव्हाच खरं कळतं. आणि कमी पडत असेल तर? रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटीशी गोळी. त्या गोळीत तेच संप्रेरक असतं. तुझ्या घरात किंवा शेजारी कुणीतरी ती बहुधा घेत असेल. विचारून बघ.

आता ऐक माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ही गोष्ट बेडकांची आहे.

पावसाळ्यात डबक्यात काळे काळे बेडूकमासे वळवळतात, ते बघितले असशील ना? शेपटी असते, पाय नसतात, माशासारखे कल्ल्यांनी श्वास घेतात. थोड्या दिवसांनी मागचे पाय फुटतात. मग पुढचे. शेपटी आक्रसत आक्रसत नाहीशी होते. कल्ले जातात, फुप्फुसं येतात. पाण्यातला जीव टुणकन जमिनीवर! हे सगळं करायचा हुकूम कोण देतं? ओळखलंस? थायरॉइडचं संप्रेरक!

1912 मध्ये गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने एक गंमत केली. त्याने अगदी लहान बेडूकमाशांना घोड्याच्या थायरॉइडचे तुकडे खायला घातले. झालं! वाढायच्या आधीच त्यांना पाय फुटले, शेपट्या गेल्या आणि तयार झाले इवलेसे बेडूक. किती इवलेसे? माशीएवढे! पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी उलटा प्रयोग केला. बेडूकमाशांची थायरॉइडच काढून टाकली. मग ते वाढत राहिले, जाडजूड झाले, पण बेडूक काही झाले नाहीत. बेडूकमासेच राहिले!

बेडकाची थायरॉइड, घोड्याची थायरॉइड आणि तुझी थायरॉइड, तिघींचं संप्रेरक एकच! म्हणून तर घोड्याचं बेडकाला चाललं. तुझ्याकडे झडायला शेपटी नाही, हे बरं झालं. पण तुझी हाडं लांब व्हायला आणि मेंदू नीट घडायला हेच लागतं.

पोटातल्या बाळाला तर पहिले तीन महिने स्वतःचं संप्रेरक बनवताच येत नाही. मग? आईच्या रक्तातून उसनं घेतं! जन्मल्यावर मात्र त्याचं त्यालाच बनवावं लागतं. एखाद्या बाळाला ते जमत नाही आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून अनेक दवाखान्यांत बाळ दोन-तीन दिवसांचं झालं, की त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतात. गळ्यातल्या ग्रंथीची परीक्षा पायाच्या टाचेवर! कमतरता सापडली तर गोळी कुटून, आईच्या चमचाभर दुधात कालवून देतात. वेळेत सुरू केली की ते बाळ बाकीच्यांसारखंच वाढतं, शाळेत जातं, अभ्यास करतं, दंगा करतं. टाचेवरच्या थेंबाने केवढं काम केलं बघ!

फुलपाखराच्या आत काय आहे, हे अजून बघितलंच नाही आपण. उन्हाळ्यात आजी कुरड्या-पापड वाळवून डबे भरते, वर्षाची बेगमी करून ठेवते. थायरॉइडही अशीच बेगमी करते! सूक्ष्मदर्शकाखाली तिचा तुकडा ठेवला तर दिसतात गोल गोल बरण्याच बरण्या. लाखो! प्रत्येक बरणीत घट्ट, मधासारखा रस. त्यात तयार संप्रेरक साठवलेलं. किती दिवसांचं? दोन ते तीन महिने पुरेल एवढं! एवढा मोठा साठा शरीरातली दुसरी कुठलीच संप्रेरक-ग्रंथी ठेवत नाही.

ह्या रसाला एक खास सामान लागतं. ते नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. ते म्हणजे आयोडीन.

संप्रेरकाच्या एका कणात आयोडीनचे चार अणू असतात. म्हणून त्याचं नाव टी-4. दुसऱ्यात तीन. त्याचं नाव टी-3. झालं की नाही पाठ? पण इथे एक गंमत आहे. ग्रंथीतून बाहेर पडतं ते बहुतेक टी-4. आणि जोरकस काम करतं ते मात्र टी-3! मग? यकृत आणि बाकीचे अवयव टी-4 मधला एक आयोडीन काढून घेतात. संत्रं सालीसकट गाडीतून येतं, आणि घरी सोललं की खाता येतं. तसंच!

थायरॉइडचं आयोडीनवर भलतं प्रेम. रक्तात आयोडीन अगदी जरासं असतं. तरी थायरॉइड ते वेचून वेचून आपल्याकडे ओढते. रक्तात असतं त्याच्या वीस-तीसपट आत साठवते! शरीरातल्या सगळ्या आयोडीनचे दहा भाग केले, तर सात-आठ भाग ह्या फुलपाखरातच सापडतील.

मुंबईच्या डॉक्टरांनी ह्या प्रेमाचा मोठा छान उपयोग केला आहे. परळला, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. 1963 पासून. तिथे थायरॉइडच्या आजारावर किरण सोडणारं आयोडीन वापरतात. ते पेशंटला तोंडाने घ्यायला देतात. थायरॉइडला वाटतं, आयोडीन आलं! ती ते आत ओढून घेते. मग एक खास कॅमेरा ते किरण टिपतो आणि पडद्यावर उमटतं फुलपाखराचं चित्र! ना कापाकापी, ना टाके. थायरॉइडचा कॅन्सर असेल तर ह्याच आयोडीनचा मोठा डोस देतात. तो नेमका रोगी पेशींपर्यंत पोचतो आणि तिथेच काम करतो. औषधाला पत्ता सांगावाच लागत नाही!

बरं, ह्या ग्रंथीला कामाचा हुकूम कोण सोडतं? मेंदूच्या तळाशी मटाराच्या दाण्याएवढी एक ग्रंथी लटकलेली असते. तिचं नाव पीयूषिका. ती आईसारखी दुधावर लक्ष ठेवून असते. संप्रेरक कमी झालं? "आच वाढव गं!" पुरेसं झालं? "बस, आता राहू दे!" दिवस-रात्र हेच चालतं.

पण समज, आयोडीनच आलं नाही. पीयूषिका ओरडतेय, "अजून बनव, अजून बनव!" थायरॉइड बिचारी बनवणार कशाचं? मग ती स्वतःच मोठी होऊ लागते. जास्त बरण्या, जास्त पेशी, कुठून तरी आयोडीनचा कण मिळेल म्हणून धडपड! फुगत फुगत गळ्यावर मोठी गाठ दिसायला लागते. त्याला गलगंड म्हणतात. हजारो वर्षांपूर्वीच्या सुश्रुतसंहितेतही गलगंडाचं वर्णन आहे. पण तो आयोडीन नसल्यामुळे होतो, हे कळायला आधी आयोडीन सापडायला हवं होतं ना!

ते सापडलं कसं? लाकूड मिळेना म्हणून! आणि म्हणूनच ही गोष्ट आपल्या नागपूरच्या लकडगंजमधल्या मुलांनी कान देऊन ऐकायची.

टेलिफोन एक्सचेंज चौकातून आत वळलं की आपल्याकडे सागवानाचे ओंडके, आरा मशीनची घरघर आणि भुशाचा वास. लाकूड म्हटलं की लकडगंज! आता 1811 सालच्या फ्रान्समध्ये जा. तिकडे युद्ध चालू. बंदुकीच्या दारूसाठी सोरा हवा, आणि सोरा बनवायला लाकडाची राख हवी. बर्नार कुर्त्वा ह्या माणसाचा सोऱ्याचा कारखाना होता. लाकूड कमी पडू लागलं, म्हणून त्याने समुद्री शेवाळ जाळून राख केली. एकदा त्या राखेच्या पाण्यात सल्फ्युरिक आम्ल जरा जास्तच पडलं. आणि भक्‌कन जांभळी वाफ निघाली! गर्द जांभळी! ती वाफ गार भांड्यावर बसली आणि तिथे काळे, चमचमते खडे तयार झाले. ते आयोडीन! त्याच्याजवळ आपला लाकूडबाजार असता, तर त्याने शेवाळ कशाला जाळलं असतं?

शेवाळातच का सापडलं बरं? कारण आयोडीनचं मोठं घर समुद्र. पाऊस डोंगरातलं, शेतातलं आयोडीन धुऊन नेतो, नद्या ते समुद्रात टाकतात. जमिनीत कमी उरलं की भाजीत कमी, दुधातही कमी. समुद्रातून थोडं हवेत उडतं आणि पावसाबरोबर परत येतं, पण ते पुरेसं नसतं.

आणि आपण राहतो कुठे? भारताच्या अगदी मधोमध! नागपूरच्या झिरो माईलच्या दगडापासून कुठल्याही दिशेला सरळ नीघ, 500 किलोमीटर गेलं तरी समुद्र दिसायचा नाही. तरी लकडगंजमधल्या प्रत्येक मुलाच्या गळ्याला रोज थोडं आयोडीन हवंच. मग ते येतं कसं?

मिठातून! थांब, समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, असं वाटलं ना? नाही! मीठ सुकवताना त्यात आयोडीन जवळजवळ उरतच नाही. ते मुद्दाम घालावं लागतं. कारखान्यात मिठावर पोटॅशियम आयोडेट नावाच्या पदार्थाचा फवारा मारतात. आयोडेटच का? कारण ते आपल्या गरम, दमट हवेत टिकून राहतं.

आपल्या देशात हे कुणी दाखवून दिलं, तेही ऐक. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात खूप लोकांना गलगंड होता. 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनचं मीठ दिलं, एका भागात साधं. मग शाळाशाळांत जाऊन मुलांचे गळे तपासले. काही वर्षांतच आयोडीनवाल्या भागांत गलगंड खूप कमी झाला. साध्या मिठाच्या भागात मात्र होता तसाच! पुढे त्या भागालाही आयोडीनचं मीठ मिळालं आणि तिथल्या मुलांचे गळेही सुधारू लागले. 1962 मध्ये सरकारने देशभरासाठी गलगंड रोखण्याची मोहीम सुरू केली. आणि 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायलाच बंदी आहे.

किती आयोडीन लागतं म्हणतोस? की म्हणतेस? तुझ्या वयाला दिवसाला 120 मायक्रोग्रॅम. म्हणजे बारीक मिठाचे दोन-तीन कण चिमटीत धर, बस्स, तेवढंच वजन! आणि सत्तर वर्षांचं मिळून? चहाचा एक चमचाही भरणार नाही! बाप्पा रे! चमचाभरही नाही, पण ते मिळालं नाही तर उंची अडते, मेंदूची वाढ अडते.

म्हणून काही मीठ बकाबका खायचं नाही हं! जास्त मीठ वाईटच. रोजच्या वरण-भाजीत असतं तेवढं पुरे. शिवाय दूध, अंडी, समुद्रातले मासे ह्यांतूनही आयोडीन मिळतं.

आता एक काम कर. घरातलं मिठाचं पाकीट काढ, नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा. पाकीट फिरवून फिरवून बघ. एक हसरा सूर्य दिसतो का? तीच आयोडीनच्या मिठाची खूण! मग बारीक अक्षरं वाच. आयोडीन 15 पीपीएम असं काहीतरी असेल. म्हणजे मिठाच्या दहा लाख भागांत आयोडीनचे निदान 15 भाग. एक किलोच्या अख्ख्या पाकिटात जेमतेम 15 मिलिग्रॅम!

आणि उपवासाला आजी वापरते ते सैंधव? ते जमिनीतल्या खाणीतून येतं. त्यात आपसूक आयोडीन फारसं नसतं, कुणी घातलं असेल तरच. तुमच्या घरच्या सैंधवाच्या पाकिटावर तो सूर्य आहे का? जा, आजीला विचारून डबा उघड आणि बघ!